उसन्या कापडातली बाई

ओगुंडिरान सुतार गावातल्या बायकांना भयंकर भीत असे, आणि त्यांची खोडी काढल्याशिवाय त्याला एक दिवस करमत नसे. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा नांदतात ते विचारू नका. आमच्या अबा-ओमो गावातले सगळेच पुरुष बायकांना भितात, आणि भ्यावंच. पाऊसपाणी, पोरंबाळं, बाजारातली बरकत, सगळं आमच्या आयांच्या हातात आहे. त्या रुसल्या की भरल्या विहिरीवरून घागर रिकामी येते. म्हणून तर दर वर्षी पेरणीआधी गावातले मिशीवाले बाप्ये बाईचा वेश घेऊन त्यांच्यापुढे नाचतात, त्यांना हसवतात, खूश करतात. या नाचाला गेलेडे म्हणतात. ज्यांची भीती वाटते त्यांच्यासारखंच नटून त्यांच्यापुढे ठुमकायचं, हा उपाय ज्याने काढला तो फार शहाणा माणूस असला पाहिजे, किंवा त्याची बायको फार कडक असली पाहिजे.

गेलेडेचा मुखवटा तोंडावर चढत नाही, टोपीसारखा डोक्यावर बसतो. नाचणाऱ्याचं स्वतःचं तोंड विरळ फडक्याआड असतं. मुखवट्यात खाली बाईचा शांत, भरल्या गालांचा चेहरा, आणि तिच्या डोक्यावर कोरणाऱ्याला हवं ते: साप, पाखरं, शिवणयंत्र, मोटारसायकलवर बसलेला मास्तर. खालचा चेहरा आजा-पणजापासून चालत आलेला, त्यात बोटभर फेरफार चालत नाही. वरचा मजला मात्र कोरणाऱ्याच्या मर्जीचा. ओगुंडिरानने सगळं आयुष्य त्या वरच्या मजल्यावर काढलं.

त्याचा बाप शांत माणूस होता, तो वर पाखरं कोरी. पोराने पहिल्याच मुखवट्यावर पाखराऐवजी कोंबडी कोरली आणि त्या कोंबडीला आपल्या चुलतीची मान दिली. चुलतीने त्याला गावभर पळवलं. बाप म्हणाला, "हात चांगला आहे, डोकं फिरलेलं आहे, पोट भरेल." तसंच झालं. ओगुंडिरानच्या वाकसाला आणि पटाशीला पाच गावांतून बोलावणं येई, आणि अबा-ओमोत दर वर्षी नाचाच्या आधी एकच चर्चा असे, यंदा कोणाचा नंबर.

एका वर्षी त्याने अकारा तळणारी बाई कोरली. तिच्यामागे एक मांजर कढईत शेपूट बुडवून बसलं होतं, आणि बाई ती शेपूट पिळून तेल परत कढईत घेत होती. बाजारात अकारे, म्हणजे चवळीचे वडे, तळायला अबेकेच बसते. पुढे कित्येक दिवस माणसं तिच्याकडे अकारा घेत, उजेडात धरून बघत, आणि मग खात. दुसऱ्या वर्षी निळीच्या रांजणावर वाकलेली रंगारीण होती. तिला चार कान होते. गावात कापड रंगवणारी एकटी मोरेनिके, आणि गावात काय चाललंय ते तिला आदल्या दिवशीच कळतं. कोणी जाब विचारला की ओगुंडिरान कानावर हात ठेवी. "मी लाकूड तासतो," तो म्हणे. "आत जे असतं ते बाहेर येतं. त्यात कोणाला आपले कान दिसले तर तो लाकडाचा दोष."

हे सगळं त्याला पचत होतं ते त्याच्या बायकोमुळे. अवेरो पालेभाजी विकायची. लेक बान्के लग्न होऊन गेली तेव्हापासून घरात दोघंच. नाच संपला की अवेरो मान म्हणून द्यायची कोलाची कडू फळं पदरात घेऊन दुखावलेल्या बाईच्या ओट्यावर जाऊन बसे, आणि त्या बाईने तोंड उघडायच्या आत स्वतःच नवऱ्याचा उद्धार सुरू करी. तिच्या शिव्या इतक्या रसाळ असत की शेवटी ती बाईच म्हणे, जाऊ दे गं बान्केच्या आई, तसा वाईट नाही तो. आणि पुढच्या वर्षी तीच बाई कापड द्यायला पहिली.

कापडाची गोष्ट अशी की नाचणाऱ्याच्या अंगावर त्याचं स्वतःचं चिंधीएवढंही कापड चालत नाही. डोईची फडकी, कमरेला गुंडाळायची कापडं, आणि मुख्य म्हणजे पोर पाठीशी बांधायचे पट्टे, सगळं गावातल्या बायकांनी उसनं द्यायचं. नवं कोरं कापड कामाचं नाही. पट्ट्याने एखादं तरी पोर वाहिलेलं असावं लागतं, त्याला दुधाचा आणि मुताचा वास लागलेला असावा लागतो. ज्याच्या अंगावर पट्टे जास्त, त्याच्यावर आयांची मर्जी जास्त. ओगुंडिरान नाचायला उतरे तेव्हा पट्ट्यांनी इतका फुगलेला असे की दारातून आडवा निघावा लागे. तो ते स्वतःच्या पायांचं कौतुक समजत होता.

आता त्याचे गुडघे बोलू लागले होते. बसलं की उठवत नव्हतं, उठलं की बसवत नव्हतं. पण नाच सोडायचं नाव त्याने काढलं नव्हतं. वर्षभर तो लाकडाचे ढलपे उडवी ते त्या एका दुपारसाठी. थोरल्या ढोलाने बोल टाकायचा, आपल्या टाचांनी तो जसाच्या तसा जमिनीवर उतरवायचा, आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी "आमची लेक, आमची लेक" म्हणून ओरडायचं. ती हाक एकदा ऐकली की पुढचं वर्षभर त्याला दुसरं काही लागत नसे.

आणि यंदा त्याने काय करावं? त्याने बाजारात बसल्या जागी झोपलेली भाजीवाली कोरली. तोंड उघडं, मान कलंडलेली. शेजारी बकरी. बकरीने टोपलीतला पाला संपवला होता आणि आता ती बाईच्या डोईचं फडकं खायला लागली होती.

गेलेडे जोडीने नाचतात. दोघांचे मुखवटे सारखे, कपडे सारखे, पाऊल सारखं. ओगुंडिरानचा जोडीदार लाबोडे, ताडाच्या झाडांवर चढून ताडी काढणारा, स्वतःही ताडासारखाच. जोडीचे दोन्ही मुखवटे रंगवून नाचाच्या मंडळाच्या घरात चटईवर ठेवले तेव्हा त्याने एकदा बघितलं आणि तो खालीच बसला.

"ही तर तुझी बायको."

"हे लाकूड आहे."

"लाकूड घोरतं का?"

"घोरत कुठं आहे?"

"तोंड बघ तिचं. मला इथपर्यंत ऐकू येतंय."

मुखवटे बघायला मंडळाची थोरली आई आली, तिच्यामागे पाच-सहा बायका, आणि त्यांत अवेरो. बायकांनी मुखवट्याकडे बघितलं, मग अवेरोकडे, मग छताकडे. अबेकेने ओठ इतके दाबले की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. अवेरो वाकली. समोरून बघितलं, बाजूने बघितलं, मागून बघितलं. मग सरळ होऊन म्हणाली, "बकरी छान जमलीय," आणि निघून गेली.

"सुटलो," ओगुंडिरान म्हणाला.

"बायकोने बकरीची तारीफ केली," लाबोडे म्हणाला, "यात तुला सुटका कुठं दिसली?"

संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा चुलीजवळची चटई नव्हती, तिचं भांडं नव्हतं आणि तीही नव्हती. गावाच्या दुसऱ्या टोकाला तिचा भाऊ राहतो, तिथे ती गेली होती. शेजारणीने हे त्याला न विचारताच सांगितलं. वर, "यामचा कंद कुटून हवा असेल तर स्वतः कुटा," असंही सांगितलं.

ओगुंडिरानला वाटलं, येईल दोन दिवसांत. दोन दिवस झाले, चार झाले, नाच तोंडावर आला आणि घरात एकही कापड आलं नाही. मग त्याच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत कापडं आणायला तो कधी कोणाच्या दारात गेलाच नव्हता. ती घरात आपोआप येत असत, अशी त्याची समजूत होती.

तो आधी अबेकेकडे गेला. तिने तोंडभरून स्वागत केलं, बसायला पाट दिला, पानावर गरम अकारे दिले.

"कापडं ना भाऊजी? आहेत की, ढीगभर आहेत. पण काय करू, सगळ्यांना मांजराचे केस लागलेत. तुमच्या अंगाला खाज सुटली तर नाच बिघडायचा."

"अबेके, ते लाकूड होतं."

"हो का? मग लाकडाचीच कापडं नेसा."

मोरेनिके रंगारीण कोपरापर्यंत निळी होऊन रांजणावर उभी होती. तिने एक हात कानामागे धरला. "काय म्हणालात? मोठ्याने बोला. माझे चारही कान बसलेत." तो जरा मोठ्याने बोलला. "अजून मोठ्याने." तो ओरडला, मला कापड द्या. गल्लीतल्या सगळ्या बाया दारात आल्या. "अगं बाई," मोरेनिके म्हणाली, "ओगुंडिरान सुताराला नेसायला कापड नाही म्हणे. चोर शिरला की काय घरात?"

शेवटी तो थोरल्या आईकडे गेला. ती फार म्हातारी, दात नाहीत, कोला किसून खाते. तिच्यापुढे गावचा मुखियासुद्धा आडवा होतो. ओगुंडिरानही जमिनीवर आडवा झाला, आणि गुडघ्यांमुळे तसाच राहिला.

"अवेरोचा पट्टा कुठाय?" तिने विचारलं.

"ती भावाकडे गेलीय, आई."

"तेच विचारतेय. आधी घरच्या बाईचा पट्टा छातीला बसतो, मग बाकीच्यांचे. हे तुझ्या बापाला ठाऊक होतं."

"तिचा भाऊ पार त्या टोकाला राहतो."

"माझ्या दारातून त्याचं छप्पर दिसतं. मला या वयात दिसतं, तुला दिसत नाही?" ती किसलेला कोला चघळत राहिली. "पट्टा नसेल तर यंदा तू बघायला बस. बघायलाही माणसं लागतात."

घरी येताना लाबोडे वाटेत भेटला, आणि तोही रिकाम्या हाताने. त्याच्या स्वतःच्या बायकोनेही कापड द्यायचं नाकारलं होतं. जोडीतला एक नटलेला आणि एक उघडा, असा नाच असतो का, असं तिने विचारलं होतं. "तुझ्या पटाशीपायी मी का भोगू?" लाबोडे म्हणाला. "जा, बायकोकडे जा. पाय धर."

"पाय? बायकोचे? मी?" गावात आजवर कोणा नवऱ्याने बायकोपुढे गुडघा टेकवल्याचं ऐकिवात नव्हतं. आमच्याकडे बायकाच गुडघे टेकतात, तेही रामरामाला, आणि मनात काय असतं ते त्यांनाच माहीत. ओगुंडिरानने दुसरी वाट काढली. शेजारच्या गावात त्याची आतेबहीण होती, कापडाचं दुकान चालवणारी. तिच्याकडून त्याने गठ्ठाभर कापड आणलं. अडचण एवढीच होती की ते सगळं नवं कोरं होतं, खळ घातलेलं, कडक. हातात धरलं तर कुरकुरत होतं. अशा पट्ट्याने जन्मात पोर वाहिलं नव्हतं हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"मग वाहू या," ओगुंडिरान म्हणाला.

"काय वाहू या?"

"पोर."

त्याच्या शेतात यामचा ढीग पडलेला होता. त्यातले त्याने दोन चांगले बाळसेदार याम निवडले. एक लाबोडेच्या पाठीला बांधला, एक स्वतःच्या, आणि दोघं म्हातारे पाठीवर याम घेऊन शेताच्या बांधावरून फेऱ्या मारू लागले. पट्टे मऊ पडावेत म्हणून मधेच उड्या मारत. लाबोडेचा याम सारखा घसरायचा, म्हणून तो एक हात मागे नेऊन त्याला थोपटू लागला, आणि थोपटता थोपटता नकळत तोंडाने हूं हूं करू लागला. "पाणी शिंपड त्यावर," ओगुंडिरान म्हणाला, "मुताशिवाय वास लागायचा नाही." यावर लाबोडेने एक सूचना केली, ती इथे सांगण्यासारखी नाही.

त्यांनी ती अमलात आणण्याआधीच बांधावर कोणीतरी खाकरलं. डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन अबेके, मोरेनिके आणि आणखी तिघी उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या, देव जाणे.

"अगं बाई, झोपलं वाटतं," अबेके हलक्या आवाजात म्हणाली. "कितवा महिना?"

"मोठं गोड आहे," मोरेनिके म्हणाली. "ओगुंडिरानचं बापावर गेलंय. डोकं बघ, तसंच, नुसतं पिठाने भरलेलं."

अबेकेने डोक्यावरची मोळी खाली ठेवली, जवळ येऊन लाबोडेच्या पाठीवरचा याम सरळ केला, त्याची गाठ घट्ट केली आणि म्हणाली, "मान सांभाळत जा हं, अजून धरत नाही." मग त्या गेल्या. वळणाच्या पलीकडे गेल्यावर त्यांचं हसू फुटलं ते गावापर्यंत ऐकू येत होतं. लाबोडेने याम सोडला, जमिनीवर ठेवला आणि ओगुंडिरानकडे न बघता म्हणाला, "आता तरी जाशील का?"

मग मात्र तो गेला.

अवेरो भावाच्या अंगणात पाला निवडत बसली होती. तो आला तसं तिने वर बघितलं नाही. पण एक स्टूल पायाने त्याच्याकडे सरकवलं.

"पोर कसंय?" तिने विचारलं.

म्हणजे बातमी त्याच्या आधीच पोचली होती. तो स्टुलावर बसला.

"ते लाकूड..." त्याने सुरुवात केली.

"लाकडाचं नाव काढलंत तर हा पाला तोंडात कोंबीन."

"बरं. तूच आहेस ती."

"मीच आहे. मला काय कळत नाही? पहाटे उठते, मळ्यातून पाला आणते, तुमचं जेवण करून बाजार गाठते. दुपारी डोळा लागतो. सगळ्या गावाला माहीत आहे. त्याचा राग नाही मला."

"मग?"

तिने हातातली जुडी खाली ठेवली. "इतकी वर्षं तुम्ही या गावातली एकेक बाई कोरलीत. अबेकेची कढई कोरलीत, मोरेनिकेचे कान कोरलेत. त्या रागावल्या, पण मनातून खूश होत्या. बारकाईने बघितल्याशिवाय कोणाला असं कोरता येतं का? मी दर वर्षी वाट बघायची. म्हणायची, यंदा माझा नंबर. निदान माझं तोंड वाकडं करतील, निदान नाक लांब करतील. आणि शेवटी कोरलीत तर काय? झोपलेली. म्हणजे तुम्ही माझ्याकडे बघितलंत ते फक्त मी झोपल्यावर?"

ओगुंडिरानला याचं उत्तर येत होतं, आणि तेच वाईट होतं. त्याला खोटं बोलता आलं असतं, पण तोवर याम पाठीवर बांधून नाचल्यामुळे त्याची अब्रू शिल्लक राहिली नव्हती, आणि अब्रू गेली की खरं बोलणं सोपं जातं.

"जागी असलीस की तू माझ्याकडे बघत असतेस," तो म्हणाला. "मग मी दुसरीकडे बघतो."

"का?"

"मी गावात काय काय करून ठेवलेलं असतं ते सगळं तुझ्या डोळ्यांत दिसतं. बाकीच्या बायका रागावतात ते मला सोसतं. तू नुसती बघतेस."

अवेरोने पुन्हा जुडी उचलली. पिवळी पानं काढून टाकली, देठ जुळवले, गवताच्या काडीने बांधली. तिचा हात जरा हळू चालत होता.

"कापडं येतील," ती म्हणाली. "जा आता घरी."

"आणि तू?"

"नाचाला सगळं गाव येतं. मी कुठं जाणार?"

दुसऱ्या दिवशी ओगुंडिरानच्या ओट्यावर कापडाचा डोंगर झाला. अबेकेने दिलं, मोरेनिकेने आपलं सगळ्यात गडद निळं कापड दिलं, लाबोडेच्या बायकोने दिलं, ज्यांच्याशी त्याचं कधी बोलणंही नव्हतं अशा बायांनी पोरांच्या हाती पट्टे पाठवले. सगळ्यांच्या वर अवेरोचा पट्टा होता, बान्केला वाहून वाहून मधोमध पातळ झालेला. लाबोडेने ढिगाभोवती एक चक्कर मारली. "इतकं?" तो म्हणाला. "मला हे बरं दिसत नाही." ओगुंडिरानला त्यात काही वावगं दिसलं नाही. तो पुन्हा जुना ओगुंडिरान झाला होता आणि स्वतःशीच टाचा आपटून बघत होता.

नाचाच्या दिवशी बाजारपटांगणात माणूस मावत नव्हता. पुढच्या रांगेत बायका, मधोमध थोरली आई, तिच्या शेजारी अवेरो. जोडी आली. पायांत लोखंडी वाळे, छातीला लाकडी ऊर, कमरेखाली बांबूच्या कामट्यांवर फुगवलेला घेर, त्यावर थरावर थर कापडं, हातात घोड्याच्या शेपटीची चवरी, आणि डोक्यावर दोन झोपलेल्या भाजीवाल्या आणि दोन खादाड बकऱ्या. पोरं बकऱ्या बघून किंचाळली. थोरल्या ढोलाने पहिला बोल टाकला, दोघांच्या टाचांनी तो उचलला, शेवटच्या ठोक्यावर दोघे एकदम थांबले. वाळ्यांचा एकही जादा आवाज नाही. इतका स्वच्छ बोल ओगुंडिरानच्या पायांतून कैक वर्षांत निघाला नव्हता. तो पुढच्या रांगेतली हाक ऐकायला थांबला.

हाक आली नाही. फडक्याआडून त्याने बघितलं. थोरल्या आईची हनुवटी छातीवर टेकली होती. अबेकेची मान एका बाजूला, मोरेनिकेचं तोंड उघडं. लाबोडेची बायको शेजारणीच्या खांद्यावर कलंडली होती. टोकापासून टोकापर्यंत पुढची सगळी रांग झोपली होती, आणि मधोमध अवेरो, हुबेहूब त्याच्या मुखवट्यासारखी. रांगेतून हळूहळू घोरण्याचा आवाज सुरू झाला.

मागचे पुरुष हसून लोळायला लागले. ढोलवाल्याने दुसरा बोल टाकला, अवघड, ओगुंडिरानच्या आवडीचा. त्याने तो जीव ओतून जमिनीवर उतरवला. मोरेनिके आणखी मोठ्याने घोरली. तिसऱ्या बोलाला त्याला घाम फुटला, आणि तो नाचाचा नव्हता. आया हसल्या नाहीत, रागावल्या, मध्येच उठून गेल्या असं कधीमधी घडलेलं होतं. पण ज्याच्यापुढे आया झोपल्या त्याला पुढच्या वर्षी कोणी बोलावत नाही, आणि या गुडघ्यांना पुढचं वर्ष म्हणजे शेवटचंच. शेजारी लाबोडे नाचता नाचता दातांत शिव्या देत होता. "काहीतरी कर," तो फुसफुसला. "पाऊस नाही पडला तर माझ्या झाडांनाही ताडी यायची नाही."

ओगुंडिरानला मुखवट्यावरची बकरी आठवली. तो चार पावलं पुढे गेला, वाकला, आणि अवेरोच्या डोईचं फडकं खाल्ल्यासारखं करून मान हलवली. पटांगण हसून फुटलं. अवेरोची पापणी हलली नाही. तो अजून जवळ गेला. आणि मग, त्याच्या अंगावर इतक्या बायकांची कापडं होती म्हणून असेल, किंवा फडक्याआड त्याचं तोंड कोणाला दिसत नव्हतं म्हणून, त्याने बायका करतात तसे दोन्ही गुडघे टेकले. आपल्या बायकोपुढे. भर बाजारात.

पुरुषांचं हसणं हळूहळू थांबलं. नाचणारी बाई गुडघे टेकू शकते, त्यात काही चूक नव्हती, पण आत कोण आहे हे कोणाला माहीत नव्हतं असं थोडंच होतं. ओगुंडिरानने मुखवटा खाली झुकवला. मग त्याने उठायचा प्रयत्न केला आणि गुडघ्यांनी नाही म्हटलं. लाकडी ऊर, कामट्या, पट्ट्यांचे थर, आणि खाली तो. पुन्हा प्रयत्न केला. वाळे वाजले, बाकी काही हललं नाही.

अवेरोने डोळे मिटलेलेच ठेवले. ओठ जेमतेम हलवून म्हणाली, "उठता येत नाही ना गं बाई तुला?"

"नाही," फडक्याआडून आवाज आला.

"कोणाला सांगू नकोस." आणि तिने डोळे उघडले. "आता जागी आहे मी. बघ."

दुसरीकडे बघायला त्याला जागाच नव्हती. त्याने बघितलं. तिच्या भुवयांत पांढरे केस आले होते. डोळ्यांखाली बाजारातली धूळ बसून बसून काळपट झालं होतं. ती हसत नव्हती, आणि रागावलेलीही नव्हती. उजव्या बाजूला, जबड्याच्या कडेला, बोटाच्या पेराएवढा एक जुना व्रण होता. अवेरो त्याच कुशीवर झोपते. गावातल्या प्रत्येक बाईच्या नाकाची वळणं ज्याला पाठ, त्या माणसाने तो व्रण आयुष्यात प्रथमच बघितला.

"हा कसला?" त्याने विचारलं.

"तुझ्याच वाकसाची ढलपी," ती म्हणाली. "लग्न झालं त्या वर्षी मी तुझ्याजवळ बसायची ना, कोरताना."

ढोल थांबले होते. लाबोडे एकटाच जागच्या जागी टाचा हलवत होता, कारण जोडीतला एक तरी नाचता राहायला हवा. थोरल्या आईने एक डोळा उघडून बघितलं आणि पुन्हा मिटला. ओगुंडिरानने चवरी खाली ठेवली, आणि हात उचलून, लाकूड तासून झाल्यावर तो अंगठ्याने चाचपून बघतो तसा, तिच्या जबड्यावरचा तो व्रण चाचपला.

"आमची लेक," अवेरो मोठ्याने म्हणाली. मग तिने त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला उभं केलं.